जागलीचा कान

विजापूर वेशीजवळ सिग्नलला स्कूटी थांबवली आणि जळक्या लोकरीचा वास नाकात गेला. रविवार होता, मटणाच्या दुकानांसमोर गर्दी होती, आणि कडेला एक माणूस उकिडवा बसून गॅसच्या बर्नरनं मेंढ्यांच्या मुंड्या भाजत होता. एकेक मुंडी ज्वाळेवर फिरवायची, काळी झाली की सुरीनं खरवडायची, पुन्हा फिरवायची. त्यात बघण्यासारखं काही नाही, जन्मापासून बघत आले आहे. मी दचकले ते दुसऱ्याच गोष्टीनं. वास आला आणि मला आबा आठवले नाहीत, आमच्या मेंढरांचा तळ आठवला नाही. आठवलं ते नॉर्वेतलं एक ओलं अंगण, आणि त्यात लाल लोकरी टोपी घालून हातात बर्नर धरलेली म्हातारी इंगेबोर्ग. मेंढरांत वाढलेल्या बाईला लोकर जळाल्याच्या वासानं परदेश आठवावा, म्हणजे कुठंतरी काहीतरी उलटं शिवलं गेलंय, असं वाटून मी तशीच बसून राहिले. मागून हॉर्न वाजला. "ओ मॅडम, निगा की. हिरवा पडलाय." मी निघाले. डिकीत आबांसाठी घेतलेला पावडरचा डबा होता, व्हॅनिलाच्या चवीचा. दुकानदार म्हणाला होता, पेशंट आवडीनं घेतात. आबांनी आयुष्यात व्हॅनिला हा शब्दही ऐकला नसेल, आणि आवडीनं घेणं तर त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील बिरुदेव, यांना उन्हाळ्याच्या तोंडाला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द राहिला, "न्हाय". आई त्याआधीच गेली होती. धाकटा भाऊ बाळासो सांगोल्याकडं गावात असतो, मेंढरं विकून त्यानं डाळिंब लावलंय. त्यानंच आबांना माझ्याकडं सोलापूरला आणून सोडलं. "ताई, डॉक्टर तितं हायेत, आन तू मोकळी हायस," असं म्हणाला. मोकळी म्हणजे माझं लग्न फार टिकलं नाही, मूल नाही, आणि नॉर्वेतून परत आल्यापासून कंपनीचं काम मी घरी बसून करते. खुर्चीत बसून केलेलं काम आमच्याकडं अजून कामात धरत नाहीत. आबांना लिफ्टनं वर आणलं तेव्हा ते लिफ्टच्या आरशात स्वतःकडं असे बघत होते की जणू वाटेत कुणी अनोळखी म्हातारा भेटलाय. तेव्हापासून आम्ही दोघं जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये राहतो. दिवसा एक बाई येऊन त्यांना पुसून देते, कपडे बदलते. बाकी सगळं माझ्याकडं. रात्री त्यांना सारखं कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. सुरुवातीला गजर लावायचे, आता लावत नाही. मधलं दार उघडं असतं, आणि त्यांच्या श्वासाचा सूर जरा बदलला की मी उठून उभी असते. पुष्कळदा उभी राहिल्यावर कळतं की मी उठलेय. झोप हवी आहे असं मी लोकांना सांगते, ते समजायला सोपं म्हणून. खरं तर हे झोपेनं जाण्यासारखं राहिलेलं नाही. हाडांत कुणीतरी ओली वाळू भरून ठेवावी तसं झालंय, आणि ती घेऊनच मी मीटिंगला बसते, कूकर लावते, डॉक्टरांसमोर मान हलवते.

दिवाळीनंतर आबांनी खाणं कमी केलं, आणि या महिन्यात तोंड मिटूनच घेतलं. चमचा ओठांना लागला की आतून कडी घातल्यासारखे ओठ बंद. पेज, खिमट, वरणात कुस्करलेली पोळी, खीर, सफरचंदाचा गर. "आबा, घ्या की वाईच," म्हणून मी पलंगाशेजारी उभी, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चमचा, खांद्यावर नॅपकिन. ते माझ्याकडं बघायचे, मग चमच्याकडं, मग भिंतीकडं. "न्हाय." शुक्रवारी डॉक्टर घरी येऊन गेले. गिळण्यात काही दोष नाही म्हणाले, तपासणीत सगळं नीट आहे, मऊ असेल ते काहीही द्या. पण सोमवारपर्यंत तोंडानं घेतलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. मी विचारलं, नळी कधी काढतात. ते म्हणाले, या वयात, या अवस्थेत एकदा घातली की बहुधा राहते. आबा ऐकत होते. बोलता येत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं सगळेच धरून चालतात, डॉक्टरसुद्धा. आणि मला काय वाटलं ते सांगते. मला थोडं बरं वाटलं. नळी म्हणजे पिचकारी भरायची, सोडायची, पाणी सोडायचं, झालं. त्या मिटलेल्या ओठांसमोर उभं राहणं नाही. हे वाटलं आणि मग दिवसभर स्वतःच्याच आसपास असणं मला नकोसं झालं.

इंगेबोर्ग ही माझी नॉर्वेतली घरमालकीण. कंपनीनं मला पुण्याहून तिकडं पाठवलं, पश्चिमेकडच्या एका लहान गावात, धरणांच्या पाण्याचं गणित मांडणारं आमचं काम होतं. तळघरातल्या दोन खोल्या मला, वर इंगेबोर्ग एकटी. नवरा ओलाव आदल्या वर्षी वारलेला. पहिल्या शरदात एका सकाळी खिडकीतून तोच वास आला. मी चपला न घालता अंगणात धावले. काय समजून धावले कुणास ठाऊक. इंगेबोर्ग लाकडी फळीवर मेंढीची डोकी मांडून बर्नरनं भाजत होती. मला बघून तिनं बर्नर बंद केला आणि माफी मागितली, वासाबद्दल. मी तिला म्हटलं की वास ओळखीचा आहे. तिला वाटलं मी सभ्यपणानं म्हणतेय. त्या भागात नाताळच्या आधीच्या रविवारी मेंढीच्या डोक्याचं जेवण करतात. भाजून, खरवडून, मीठ लावून, धूर देऊन ती डोकी शेडमध्ये टांगून ठेवतात, आणि मग त्या रविवारी काही तास उकडून बटाटे आणि सलगमाच्या भरताबरोबर वाढतात. ऑफिसमध्ये याची फार चर्चा. पुण्याची सोनम म्हणाली, "तुला माहितेय, ही लोकं डोळ्यासकट खातात." मी म्हटलं, आमच्यात पण खातात की. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी विनोद केला असं तिला वाटलं, आणि पुढं बरेच दिवस ती तो इतरांना सांगत होती. मी कचरा टाकायला शेडजवळून जायचे तेव्हा ती डोकी दोरीला टांगलेली दिसायची, मिटल्या डोळ्यांनी, शांत. दिवस तीन वाजता मावळायचे. त्या काळोखात ओळखीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

आमच्याकडं मुंडी शिजायची ती बिरोबाच्या जत्रेला. एरवी मेंढरू कापायचं नाही, ते पोटचं. पण जत्रेला एक एडका द्यायचा. मी लहान असताना आम्ही वर्षातले बरेच महिने मेंढरांबरोबर फिरायचो. कुणाच्या रानात कळप बसवायचा, भोवती जाळी लावायची, बाजूला चूल, घोंगडी, कुत्री. रात्री राखण. त्या राखणीला आमच्यात जागल म्हणतात. रात्रीचे दोन भाग, अर्ध्या रात्रीपर्यंत एक गडी जागा, मग दुसरा. पहिली जागल चुलत्याची, दुसरी आबांची, कारण पहाटेकडं लांडगा येतो आणि तेव्हाच डोळे मिटतात. जत्रेची मुंडी शिजली की वाटणी आबा करायचे. जीभ म्हाताऱ्यांना, भेजा बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला, गालाचं मऊ मांस पोरांना. आणि दोन कान दोन जागल्यांना. ते मागायचे नसत, त्यावरून भांडायचं नसे. मी एकदा मागितला होता. आबा म्हणाले होते, "कान जो जागंल त्येचा. लांडगा काय डोळ्याला दिसतोय व्हय? त्यो कानाला दिसतोय." मग चुलता वेगळा झाला आणि पहिली जागल बाळासोकडं आली. मिसरूड फुटायच्या आतच तो जत्रेत सगळ्यांसमोर कान चघळत बसला होता, माझ्याकडं बघून मुद्दाम कुरकुर आवाज करत. मी त्याच्याहून मोठी. आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागलीला मीसुद्धा जागी असायचे, आईबरोबर चुलीपाशी, आजारी कोकराला बाटलीनं दूध पाजत. बाळासो घोंगडीत गुरफटून पेंगायचा, कुत्री भुंकली की आई मला म्हणायची, "त्येला हालीव." मी हलवायचे. पण चुलीपाशी बाया जाग्या असतात त्याला जागल म्हणत नाहीत. त्याला काहीच म्हणत नाहीत.

नाताळच्या आधीच्या त्या रविवारी इंगेबोर्गनं माझं दार वाजवलं. चांगला पोशाख घातला होता, गळ्यात चांदीचा बिल्ला. ती दारात जरा घुटमळली. मग म्हणाली, मला तुला एक गोष्ट विचारायची आहे, नाही म्हणालीस तरी चालेल. डोकं मधोमध कापून वाढायचं असतं, एकाला अर्धं. एका डोक्याची दोन माणसं असतात. मागच्या वर्षी ओलाव गेल्यावर पहिलाच नाताळ होता, तिनं सवयीनं एक डोकं उकडलं, एक अर्धं खायला बसली आणि दुसरं कुणाला द्यावं ते कळेना. मुलगा दूरच्या शहरात, सून असलं काही घरात येऊ देत नाही. "मी ते अर्धं फ्रीजरमध्ये ठेवलं," ती म्हणाली, "आणि वर्षभर मटार काढायला गेले की ते माझ्याकडं बघतं. एका डोळ्यानं." आम्ही दोघी हसलो. मी वर गेले. टेबलावर मेणबत्त्या, पांढरं कापड, दोन ताटं. ताटात डोळ्याची बाजू वर करून अर्धं अर्धं डोकं. तिनं मला शिकवलं, आधी कान खायचा, मग डोळा, कारण ते सगळ्यात आधी गार होतात आणि गार झाले की मजा जाते. एवढं सांगून ती हात मांडीवर ठेवून बसली. मला वाटलं प्रार्थना असेल. मग कळलं, ती माझी वाट बघतेय. समोरच्यानं कान उचलल्याशिवाय आपण उचलायचा नाही. "ओलावला घाई असायची," ती म्हणाली, "तरी थांबायचा."

मी कान उचलला. मिठाचा, धुराचा, कातडीवरच्या चरबीचा वास. दाताखाली कूर्चा कुरकुरली आणि मला एकदम चोरी केल्यासारखं वाटलं. कुणाची तरी वस्तू आपल्या तोंडात आहे असं. मी कुठली रात्र राखली होती? तिकडं तर मी लवकर झोपायचे, काळोखच इतका होता. इंगेबोर्ग मात्र खूश होती. मी डोळा कसा काढते, जबड्याजवळचं मांस कसं बोटानं सोडवते हे ती बघत होती. ती म्हणाली, तू हे आधी खाल्लं आहेस. मी म्हटलं, सांगितलं होतं की तुम्हाला. मग तिला जागलीबद्दल सांगितलं, कानांबद्दल सांगितलं. तिनं विचारलं, मग तुझा कान कुठला? मी म्हटलं, माझा नसतो. तिनं मला आणखी बटाटे वाढले. बोलून दाखवण्यापेक्षा बटाटे वाढणं त्या लोकांना बरं पडतं. पुढं जेवढी वर्षं तिथं होते तेवढे नाताळ मी त्या दुसऱ्या अर्ध्या डोक्याचं माणूस झाले. परत यायचं ठरलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, फ्रीजरमध्ये पुन्हा अर्धं डोकं आलं की मी मटाराची पिशवी कुठं ठेवू. गेल्या वर्षी तिच्या मुलाचा निरोप आला, आई वृद्धाश्रमात आहे, बरी आहे, पण जेवत नाही नीट. मी उत्तर लिहिलं, काळजी घ्या. दुसरं काय लिहिणार होते? तिथं जेवण ट्रेमध्ये येतं, झाकण घातलेलं, आणि वाढणारी बाई उभी असते.

हे मनात आलं तेव्हा स्कूटी आसरा चौकापर्यंत पोचली होती. वाढणारी बाई उभी असते. मी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ समोरच्या रसवंतीच्या पाटीकडं बघत बसले. आबांच्या आयुष्यातलं एक जेवण मी आठवायला गेले ज्यात ते एकटे खात होते आणि शेजारी कुणी उभं होतं. आठवेना. तळावर एका परातीत चौघं. घरी आई वाढायची, पण आबा जेवताना ती ताटाजवळ, स्वतःची भाकरी हातात घेऊन बसायची, आणि तिनं पहिला घास मोडल्याशिवाय आबा बोटसुद्धा बुडवायचे नाहीत. इतर पुरुष याची चेष्टा करायचे. आणि मी गेले कित्येक महिने त्यांच्यासमोर उभी राहून चमचा चालवत होते. माझं खाणं ओट्याशी, लॅपटॉपशी, कधी नाहीच. मला माझ्याच हुशारीचा कंटाळा आला. शहाणपण एवढ्या उशिरा येणार असेल तर निदान अंगात थोडं त्राण तरी शिल्लक ठेवावं. मी गाडी वळवली.

मुंड्या भाजणारा माणूस बिडी ओढत बसला होता. मी एक दाखवली. त्यानं ती फिरवून बघितली, शिंगाचे बुडखे झाडले. "भेजा रखूं या निकालूं, बाजी?" ठेवा म्हटलं. "टुकडे?" तुकडे नको, मधोमध दोन भाग. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खांदे उडवले, आणि जाड सुरा ठेवून वरून लाकडाचा दणका दिला. दोन्ही भाग एकमेकांवर ठेवून कागदात बांधले तेव्हा ती पुन्हा एक मुंडी दिसायला लागली. पावडरच्या डब्याशेजारी ती डिकीत मावली. वाटेत मला घरमालकांचा विचार आला. खाली राजशेखरअण्णा आणि त्यांची बायको चन्नम्मा राहतात. घर देताना अण्णा एवढंच म्हणाले होते, "आमच्यात चालत न्हाई बघा, तेवढं संभाळा." मी तेव्हा सहज हो म्हटलं होतं, मला एकटीला काय लागतं. इतके महिने घरात अंडंसुद्धा शिजलं नव्हतं. आज शिजणार होतं. अण्णांनी घर सोडा म्हटलं तर आबांना घेऊन कुठं जायचं, हा प्रश्न मी जिन्यापर्यंत नेला आणि तिथंच ठेवला. दोन काळज्या उचलायची ताकद नव्हती.

स्वयंपाकघराच्या खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला टॉवेल कोंबला, देवासमोर नव्हे तर ओट्यावर उदबत्ती लावली. हळद, मीठ, आलं-लसूण लावून दोन्ही अर्ध्या मुंड्या मोठ्या कूकरमध्ये. शिट्ट्या मोजल्या नाहीत, मांस हाडावरून सुटेपर्यंत ठेवायचं एवढं आईकडून माहीत होतं. काळा मसाला नावापुरता, आबांना तिखट सोसणार नाही. मधेच आतून खोकल्यासारखा आवाज आला. बघितलं तर आबा उशीवर मान वळवून दाराकडं तोंड करून पडले होते. वास टॉवेलला कुठला ऐकतोय. नाकपुड्या हलत होत्या. मी परत ओट्याशी गेले, आशा दाखवली तर मोडते अशी मला हल्ली भीती वाटते. कूकर उघडला आणि बेल वाजली. दारात चन्नम्मा. पदराचं टोक नाकाशी धरलेलं, हातात कडक भाकरीचं पुडकं, जे ती कधीमधी आणून देते. मी दार अडवून उभी राहिले, पण अडवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती. तिथून आबांचा पलंग दिसतो. "उठून बसलेत की," ती म्हणाली. बसलेले नव्हते, पण डाव्या हातानं कठडा धरून उठायची धडपड चालली होती. "जेवत न्हाईत म्हणालतीस ना?" मी म्हटलं, नाही जेवत काकू, म्हणून तर. उद्या नळी घालणार आहेत. तिनं पुडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "दार लावून घे. जिन्यात वास येतोय. आमच्या ह्यांच्या नाकाला लई कळतंय." आणि ती जिना उतरून गेली.

आबांना उशा लावून बसवलं. पलंगाला जोडायचं टेबल आहे, दवाखान्यात असतं तसलं, ते मी बाजूला सारलं. गादीवर कडेला पाट ठेवून वर मोठी परात ठेवली आणि स्वतः पलंगावरच मांडी घालून बसले, आबांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. परातीत दोन अर्ध्या मुंड्या. रस्सा वाटीत. चन्नम्माची भाकरी कुस्करून रश्श्यात भिजत घातली. आबा परातीकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला वाचता आलं नाही. मी इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडाकडंच बघत आले होते, डोळ्यांकडं नाही. गालाचं मांस बोटांनी मऊ कुस्करून मी घास पुढं केला. सवयीनं. ओठ मिटले. "न्हाय." हात परत आला. मला इंगेबोर्गचे मांडीवर ठेवलेले हात आठवले, पण ते आठवूनही मी आणखी एकदा घास पुढं केला, कारण उद्या सोमवार होता. "न्हाय." मग मी सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे खरोखरच सोडलं, खांद्यांतून, मानेतून. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. म्हटलं, नळी तर नळी, आपण जेवून घेऊ. मी माझ्या बाजूच्या अर्ध्या मुंडीचा कान धरला आणि तोडला.

तेवढ्यात आबांचा डावा हात परातीत आला. चाचपडत तो त्यांच्या अर्ध्या मुंडीवर फिरला आणि कानापाशी थांबला. त्यांना तो तोडता येईना. मला वाटलं त्यांना खायचाय. कूर्चा आहे, घशात अडकेल, मी घाईघाईनं मनगट धरलं. "आबा, त्यो नगं, कडक हाय त्यो." इतक्या वर्षांनी माझ्या तोंडात तळावरची भाषा आली. त्यांनी मनगट सोडवून घेतलं. झटक्यानंतर त्यांच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. बोटांनी पिरगाळून, ओढून त्यांनी कान सुटा केला. वर उचलला, आणि माझ्यासमोर, मी तोडलेल्या कानाशेजारी ठेवला. मी तो उचलून पुन्हा त्यांच्या बाजूला ठेवला. म्हटलं हात घसरला असेल. "न्हाय," ते म्हणाले. चिडून नाही. त्यांनी तो पुन्हा उचलला आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवला, यावेळी नीट, दोन्ही कान एका रेषेत येतील असा. मग त्यांनी बोट उचलून मधल्या उघड्या दाराकडं दाखवलं. दारापलीकडं माझी गादी होती, न आवरलेली, उशाला पाण्याचा तांब्या. ते बोट तसंच काही वेळ हवेत राहिलं, थकलं आणि खाली आलं.

म्हणजे ते जागे असायचे. मी रात्रभर उठत होते तेव्हा ते डोळे मिटून ऐकत पडलेले असायचे, माझी पावलं, पाण्याचा घोट, कठड्याचा आवाज. पहिली जागलही माझी आणि दुसरीही माझीच, हे त्यांनी मोजलं होतं. मला रडू आलं. रडताना चावता येत नाही, म्हणून थांबले. आबा परातीला हात न लावता बसून होते. आई असताना बसायचे तसेच. मी नाक पुसलं, पहिला कान खाल्ला, मग त्यांनी दिलेला. खोलीत दुसरा कसला आवाज नव्हता, नुसती माझ्या दातांखालची कुरकुर, आणि आबा मान जरा कलती करून ती ऐकत होते. दुसरा कान बराच गार झाला होता. तो संपल्यावर मी गालाचं मांस पुन्हा कुस्करायला घेतलं, तर आबांनी तोंड उघडलं होतं.